कान दिसले पाहिजेत

माझा मामा पासपोर्टचे फोटो काढतो. बाकीचेही काढतो म्हणे. दुकानाच्या पाटीवर ‘सर्व प्रकारचे’ असं लिहिलंय, पण ते सर्व प्रकार आजवर कुणी पाहिलेले नाहीत. चाळीस वर्षांत त्याच्यासमोर जो कुणी स्टुलावर बसला, त्याचा फोटो शेवटी पासपोर्टचाच झाला. एकदा एक नवविवाहित जोडपं हौसेने आलं होतं. त्यांना दोन वेगवेगळे फोटो मिळाले, प्रत्येकी आठ प्रती.

दुकान म्हणजे एकच खोली. फिरतं स्टूल, त्यामागे पांढरा पडदा, दोन छत्र्यांचे दिवे, दाराशी आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. कंगवा लोक पळवतात, असं मामाचं म्हणणं. तसला दात पडलेला कंगवा कोण कशाला नेईल, असं मामीचं. खुंटीवर एक काळा कोट लटकत असतो. तो एकाच मापाचा आहे. बारीक माणूस आला की पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. जाडा आला की कोट नुसता खांद्यांवर ठेवायचा, घातल्यासारखा. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांच्या महत्त्वाच्या कागदांवर तोच एक कोट आहे. मामी म्हणते, “त्या कोटाने जेवढ्या परीक्षांचे अर्ज भरलेत, तेवढे आमच्या अख्ख्या घराण्याने भरले नसतील.”

आणि मामाचं ठरलेलं बोलणं. “ताठ बसा. खांदे सैल. हनुवटी खाली. इतकी नको, थोडी वर. हसू नका. केस मागे घ्या, कान दिसले पाहिजेत.”

कान दोन्ही. पासपोर्ट कचेरीने हा नियम सोडून बरीच वर्षं झाली. मामाने सोडलेला नाही. ओठ मिटलेले, डोळे उघडे, कान दोन. यातलं एक जरी कमी पडलं तरी फोटो परत येतो, आणि मामाचा फोटो आजवर एकदाही परत आलेला नाही. नव्या ओळखीच्या माणसाला तो हे स्वतःच्या नावाच्या आधी सांगतो. रस्त्यातही तो माणसं चेहऱ्याने ओळखत नाही. “तो बघ, डावा कान जरा पुढे असलेला. पोस्टात होता,” असं म्हणतो, आणि ते खरं निघतं.

त्याच्या एकुलत्या एक मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, लहानपणीचे फोटो दाखव म्हटलं की ती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढते. त्यात पहिलीपासून बारावीपर्यंतची ताई आहे. दर वर्षीची, आठ-आठ प्रतींत, पांढऱ्या पडद्यासमोर, दोन्ही कान घेऊन. ताई म्हणते, “माझं बालपण पाहिलं की वाटतं, मी जन्मल्यापासून देश सोडून जायच्या तयारीत होते.”

हे ती हसत म्हणते. पण तिची पोरगी झाली तेव्हाची गोष्ट आहे. मामाने नातीचा पहिला फोटो स्वतः काढला, स्वतः चौकटीत बसवला आणि गुंडाळून नेऊन दिला. दोन महिन्यांचं बाळ पांढऱ्या पडद्यासमोर ताठ बसलेलं. पडद्याआडून मामीने दोन्ही हातांनी धरलंय, ते दिसत नाही. बाळाचे डोळे सताड उघडे, चेहरा कर्जवसुलीला आलेल्या माणसाचा. ताईने तो फोटो लावला, पण झोपायच्या खोलीच्या दारामागे. दार उघडं असलं की फोटो झाकला जातो, आणि त्या घरातलं ते दार कायम उघडं असतं. मामा तिकडे गेला की पाणी प्यायल्यावर हळूच उठतो, ते दार लोटून घेतो, फोटो पाहतो आणि दार परत उघडतो. कुणी पाहिलं नाही असं त्याला वाटतं. सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून यंदा ताईने नवं घर घेतलं आणि तिचा फोन आला, तेव्हा मामा कानात प्राण आणून ऐकत होता. मी सुट्टीत त्याच्याकडेच राहायला होते. फोन स्पीकरवर होता.

“बाबा, बाहेरच्या खोलीत एक मोठी भिंत रिकामी ठेवलीये. दोन्ही पोरांचा एक फोटो हवाय. ब्लॅक अँड व्हाइट. कॅनव्हासवर छापून, मोठा. काढायचाही तुम्ही आणि निवडायचाही तुम्हीच.”

“त्यात काय एवढं!” मामा म्हणाला. आवाज दुकानातला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आणि बाबा, आधीच सांगते. नाही आवडला तर त्या भिंतीवर नाही लावणार. सासूबाईंनी घड्याळ दिलंय. दोन हंस आहेत त्यावर. दर तासाला माना हलवतात. त्या रोज विचारतात, कधी लावतेस म्हणून.”

फोन ठेवल्यावर मामाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “हंसांना कान नसतात.”

“अहो, तुम्ही हंसाशी बरोबरी करायला निघालात की काय?” मामी आतून म्हणाली.

निघाला होताच. पुढच्याच आठवड्यात ताईने पोरांना दोन दिवस आजोळी धाडलं. थोरली आठ वर्षांची, तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी थांबत नाही. धाकटा चार वर्षांचा गोटू. तो थांबतो, पण जिथे थांबवाल तिथे नाही. मामाने दुकानाला दुपारभर ‘बंद’ची पाटी लावली, स्टुलाऐवजी बाक ठेवला, दोघांना शेजारी बसवलं आणि केस पाणी लावून मागे घेतले. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर, त्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला बटण. बटण हातात घेऊन मामा बाजूला उभा राहतो. ही त्याची जुनी पद्धत. माणसाकडे थेट बघता येतं, काचेतून नाही.

“हसू नका,” तो म्हणाला.

आता चार वर्षांच्या पोराला हसू नको म्हणणं म्हणजे काय ते सांगायला नको. गोटूने गाल फुगवून हसू आत दाबलं. ते पाहून भिंगरीला हसू फुटलं. मामा पुढे गेला, हनुवट्या नीट केल्या, मागे आला. परत हनुवट्या हलल्या. परत पुढे गेला. भिंगरी म्हणाली, “आजोबा, आमची हनुवटी सुटी आहे का? सारखी बसवताय.” दोन तासांत एकशे त्रेचाळीस फोटो झाले. शेवटी गोटू बाकावरच झोपला. तोवर मामाला हवे तसे नऊ मिळाले होते.

ते नऊ त्याने जेवणाच्या मेजावर, माझ्या लॅपटॉपवर, तीन दिवस निवडले. पट्टी घेऊन. पडद्याला पट्टी लावून तो डोक्यापासून हनुवटीपर्यंतचं माप घ्यायचा. “हा सातवा बघ. कान?”

“चारही आहेत.”

“आणि आठवा?”

“मामा, सातवा आणि आठवा एकच आहे.”

“एकच कसा? आठव्यात गोटूचा खांदा दोराभर खाली आहे.”

काळ्या-पांढऱ्याचं त्याला मनापासून पटलेलं नव्हतं. “निम्मं आयुष्य मी अंधाऱ्या खोलीत काळे-पांढरे फोटो धुतले,” तो म्हणायचा. “का? तर रंग मिळत नव्हते. रंग आले तेव्हा मी दुकान आतून पिवळं करून घेतलं. आणि आता ही माणसं चांगले रंग काढून टाकायला सांगतात.” तरी त्याने सातव्याचे रंग काढले. मग मी नको नको म्हणत असताना तो कापायला बसला. नऊच्या नऊ कापले. मामा फोटो नेहमी भोवती पुष्कळ जागा ठेवून काढतो आणि मग मापात कापतो. कागदावर कात्री चालवायचा तशीच आता फायलीवर चालवतो. कापलं, की त्याच फायलीवर ‘सेव्ह’. वेगळी प्रत ठेवायची हे त्याच्या बुद्धीला पटत नाही. कापलेला कागद परत चिकटतो का? कॅमेऱ्यातलं कार्ड तर तो रोज दुकान बंद करताना कोरं करतो, दाराला कुलूप लावावं तसं. न कापता राहिले ते फक्त नापास झालेले एकशे चौतीस. ते पेन ड्राइव्हवरच्या ‘रद्द’ नावाच्या खणात होते, कारण मामा काहीच टाकत नाही. त्या खणात गेल्या बारा वर्षांतले डोळे मिटलेले, शिंकणारे आणि जांभया देणारे सगळे लोक जपून आहेत.

सातवा जिंकला. भिंगरी आणि गोटू खांद्याला खांदा लावून, ओठ मिटून, पुढे बघत. चौकट दोन्ही डोक्यांना घट्ट बसलेली. मामी चष्मा लावून आली, पाहिलं आणि म्हणाली, “छान आहे. कशात पकडले गेले पण हे दोघं?”

मामाने तिकडे काणाडोळा केला.

शुक्रवारी दुपारी आम्ही कॅनव्हास छापणाऱ्या बाईकडे गेलो. ताईने रविवारी सगळ्यांना नव्या घरी जेवायला बोलावलं होतं. कॅनव्हासवालीची जागा दुसऱ्या मजल्यावर, शाईच्या वासाची; एक लांबलचक मशीन, भिंतीला टेकलेल्या लाकडी चौकटी. ती तिशीची असेल, हातावर शाईचे डाग. तिने मामाचा पेन ड्राइव्ह लावला, सातवा फोटो उघडला आणि पहिलंच विचारलं, “काका, कडेला जागा नाही का सोडलेली?”

“जागा कशाला?”

तिने एक अर्धवट झालेली चौकट उचलली आणि पलंगावर चादर खोचतात तसं कापड बाजूंवरून मागे वळवून दाखवलं. “हे असं ताणून मागे पिना मारायच्या. चारही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर फोटो कडेवर जातो.”

मामा तिच्या संगणकाच्या पडद्याजवळ गेला. खिशातून पट्टी काढली. मोजलं. मग पुन्हा मोजलं.

“म्हणजे हिचा हा कान...”

“कडेवर जाईल.”

“आणि याचा हा?”

“त्या कडेवर.”

चाळीस वर्षांत ज्याचा फोटो परत आला नाही त्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. हसू आलं होतं, पण मी ते गोटूसारखं गालात धरून ठेवलं.

कॅनव्हासवाली चांगली होती. तिने उपाय सुचवले. “कडेवर आरशासारखी उलटी प्रतिमा करून देते. समोर काही जाणार नाही.” तिने लगेच करून दाखवलं. भिंगरीला एका बाजूला दोन कान आले.

“तीन कान?” मामा म्हणाला. “माणसाला?”

“मग कड काळी करू?”

“काळी चौकट गेलेल्या माणसाला करतात, बाई. ही पोरं परवा घरभर नाचणार आहेत.”

“मग दुसरा फोटो द्या. भोवती जागा असलेला. पण पाचच्या आत. नंतर टाकला तर रविवारपर्यंत वाळत नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. मामाने त्या घड्याळाकडे असं पाहिलं, जणू त्यावरही हंस असावेत. बाकीचे आठही त्याच मापात कापलेले. ‘दुसरे नाहीत,’ असं म्हणून तो पेन ड्राइव्ह मागायला लागला, तोवर तिने स्वतःच ‘रद्द’ उघडलं होतं. एकेक फोटो सरकवत होती. “हे काय, हे तर किती छान आहेत,” असं पुटपुटत होती. मामा दर फोटोला म्हणत होता, “डोळे मिटलेत. केस कानावर. तोंड उघडं.” जणू कुणी त्याच्या घरातला कचरा उपसत होतं.

एकावर ती थांबली. तिने रंग काढले आणि खुर्ची बाजूला सरकवली, आम्हाला दिसावं म्हणून.

भिंगरी हसून हसून गोटूच्या अंगावर कलली होती. डोळे मिटलेले, केस तोंडावर, कानाचा पत्ता नाही. गोटू मात्र जिवाच्या आकांताने शिस्तीत बसलेला, गाल टम्म फुगलेले, आणि त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं. बोटांमागे मनगट, बाहीची घडी. आणि अगदी डाव्या काठाला, फोटो संपता संपता, चेहऱ्याची एक चिंचोळी पट्टी: कानशील, चष्म्याची काडी आणि एक कान. संबंध फोटोत नीट, पूर्ण, नियमात बसणारा असा तो एकच कान.

मामा बघत राहिला. मग दुकानातल्या आवाजात म्हणाला, “हिच्या गालावरचा उजेड चांगला धरलाय. सावली पार काळी झालेली नाही. कुणी काढला हा?”

“तूच,” मी म्हटलं. “हनुवटी बसवायला गेलास तेव्हा बटण दुसऱ्या हातात होतं. दाबलं गेलं असणार.”

“मी फोटोत असताना मी कसा काढेन?”

“काका, हा करू,” कॅनव्हासवाली म्हणाली. “तुमचा चेहरा बरोबर कडेवर जाईल. समोरून फक्त हात दिसेल.”

“नियमात नाही बसत हा,” मामा म्हणाला.

“कुठल्या नियमात? घरात लावायचाय ना?”

साडेचार झाले. मामाने मामीला फोन लावला. असे प्रश्न तो तिला विचारत नाही, पण विचारला. मी तो फोटो मामीला धाडला. पलीकडून आधी तिचं हसणंच आलं. “अहो, हाच द्या! आणि घरी या मुकाट्याने. नाहीतर पट्टी घेऊन बसाल तिथे. हंस येतील भिंतीवर, हंस!”

“तेवढे केस तरी कानावरून काढता येतील का?” मामाने कॅनव्हासवालीला हळूच विचारलं.

तिने उत्तर न देता मशीन चालू केलं. मामा मशीनच्या तोंडाशी उभा राहिला, आणि कापड इंच इंच बाहेर आलं तसा वाकत गेला. पूर्वी अंधाऱ्या खोलीत तबकातल्या पाण्यात चेहरा उमटताना तो असाच वाकत असणार. तेव्हाचं मला माहीत नाही, मी जन्मले नव्हते. त्या दिवशी तो घरी येईपर्यंत एकदाही कुणाच्या कानांबद्दल बोलला नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

रविवारी नव्या घरात रंगाचा वास होता आणि खोकी अजून भिंतीशी रचलेली. मोठ्या भिंतीवर एक खिळा होता. त्याखाली खुर्चीवर घड्याळ तयारीत बसलेलं, दोन्ही हंसांसकट. ताईच्या सासूबाई त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या, घड्याळाचं वकीलपत्र घेतल्यासारख्या.

मामाने तपकिरी कागदात गुंडाळलेला कॅनव्हास ताईच्या हातात दिला आणि लगेच म्हणाला, “वेळ नव्हता. मापाचे होते ते कडेवर जात होते. हा जरा... बघ. नाही आवडला तर राहू दे.”

ताईने कागद सोडला. मी मामाकडे बघत होते. त्याने खांदे सैल सोडले होते, हनुवटी खाली, ओठ मिटलेले. स्वतःचाच फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा.

भिंगरी ओरडली, “अय्या, हा तर मी शिस्त मोडली तो!” आणि गोटूने फोटोतल्या बोटांवर स्वतःचं बोट ठेवून सांगितलं, “आजोबांचा हात.”

“नुसता हात?” ताई म्हणाली, आणि हात कुठून आलाय ते बघायला तिने कॅनव्हास बाजूला वळवला. कडेवर तो होता. कानशील, काडी, कान. तिने ती कड डोळ्यांजवळ नेली.

“मी चुकून आलोय,” मामा घाईने म्हणाला. “भिंतीला लागलं की नाही दिसणार.”

“बाबा, तुम्ही हसताय यात.”

“छे. तोंड कुठे आहे त्यात?”

“तोंड नाहीये. पण हा गाल बघा किती वर चढलाय. डोळ्याला वळ्या पडल्यात.”

“तो गाल तसाच आहे.”

“पोरांना हसू नका म्हणत होता, आणि स्वतः?”

“मी नियम सांगत होतो,” मामा म्हणाला. “मला कुठे पासपोर्ट काढायचा होता?”

ताई हसली, आणि मग तिने डोळे पुसले, पण ते रंगाच्या वासानेही असेल. स्टूल ओढून ती वर चढली. खिळ्यावर कॅनव्हास अडकवला आणि मामाकडे न बघता विचारलं, “सरळ आहे?”

“डावी बाजू खाली. इतकी नको, थोडी वर. हां.”

सासूबाई घड्याळाकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने पाहत म्हणाल्या, “पोरांचं हसू मोठं गोड आलंय हो. तेवढे केस बांधले असते तर.” मामाने त्यांच्याकडे अशा कृतज्ञतेने पाहिलं की त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर समाधान मानायला तयार झाल्या. हंस आता तिथे माना हलवतात.

झोपायच्या खोलीचं दार मामाने जेवणानंतर लोटून पाहिलंच. दारामागे ते बाळ होतं, सताड डोळ्यांचं, दोन्ही कानांचं. नव्या घरातही ताईने त्याला जुनीच जागा दिली होती. मामाने दार परत उघडलं. यावेळी सगळ्यांसमोर, लपूनछपून नाही.

आता त्या घराची गंमत अशी, की बाहेरचं दार मोठ्या भिंतीच्या डाव्या अंगाला आहे. आत येणाऱ्याला पोरं दिसायच्या आधी कड दिसते. पाहुणे उंबऱ्यातच थबकतात, हा कुणाचा कान म्हणून विचारतात, आणि गोटू त्यांना समजावून देतो. मामा स्वतः गेला की चपला काढतो, खिशातून रुमाल काढतो आणि डाव्या कडेवरची धूळ पुसतो. समोरची पुसत नाही, फक्त ती एवढी पट्टी, वरून खालपर्यंत, चष्मा पुसावा तशी. त्याला वाटतं, कुणाचं लक्ष नाही.

मामी तोवर आत जाऊन बसलेली असते. “अहो,” ती तिथूनच हाक मारते, “कान पुसून झाला असेल तर आत या.”